‘अमानत’ म्हणजे ठेव, मग नोटिशीत माणूस ‘अमानतु’ कसा?

प्रश्न खानापूरहून आला आहे. सरकारी नोकरीतल्या एका नातेवाइकाच्या कन्नड आदेशात ‘सेवेयिंद अमानतुगोळिसि’ असे आहे. घरात कुणी ‘अनामत भरायची असेल’ म्हणाले, तर कुणी ‘नोकरी गेली’ म्हणून रडायला लागले. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

कन्नडमध्ये ‘अमानतु’ म्हणजे निलंबन, आपण रोज म्हणतो ते ‘सस्पेंड’. शब्द अरबी आणि तोच, जो मराठीत विश्वासाने सोपवलेली ठेव या अर्थी राहिला. ठेव बाजूला असते, निकाल लागेपर्यंत तशीच राहते. माझ्या मते कन्नडमधला अर्थ याच धाग्याने आला असावा.

नोकरी जाते ती ‘वजा’ शब्दाने. ‘सेवेयिंद वजा’ म्हणजे बडतर्फ. इथे मराठी माणूस हमखास फसतो, कारण आपला ‘वजा’ पगारातून होतो. पगारातल्या कपातीला कन्नडमध्ये ‘कडित’ म्हणतात. कोर्टाच्या बातमीतले ‘अर्जि वजा’ म्हणजे अर्ज फेटाळला.

हा फरक निव्वळ शब्दांचा नाही. कर्नाटकाच्या 1957 च्या नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियमांत निलंबन नियम 10 मध्ये येते, शिक्षांची यादी नियम 8 मध्ये. म्हणजे निलंबन ही शिक्षाच नव्हे. नोकरी चालू असते, निर्वाह भत्ता मिळतो, चौकशी पुढे असते. बडतर्फी मात्र मोठी शिक्षा आहे. संविधानाच्या अनुच्छेद 311 प्रमाणे आरोप कळवून, बाजू मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय ती एरवी करता येत नाही. त्याला अपवाद मोजकेच. शिवाय ‘सेवेतून काढून टाकणे’ (कन्नड ‘तेगेदुहाकुवुदु’) ही वेगळी शिक्षा: तीत पुढच्या सरकारी नोकरीचे दार बंद होत नाही, बडतर्फीत साधारणपणे होते. वर्तमानपत्रे दोन्हींना सरसकट ‘वजा’ म्हणतात. म्हणून बातमीवर विसंबू नका, आदेशच वाचा.

आदेशात आधी ‘इलाखा विचारणेयन्नु काय्दिरिसि’ शोधा. ‘इलाखा’ इथे मुंबई इलाख्यातला प्रदेश नव्हे, खाते. ‘विचारणे’ म्हणजे चौकशी. पूर्ण अर्थ: विभागीय चौकशीच्या अधीन राहून. तो दिसला की निलंबनच समजा. मग ‘केंद्रस्थान’ असलेले वाक्य पाहा, म्हणजे मुख्यालय. परवानगीशिवाय ते सोडायचे नाही, असा त्याचा अर्थ. निपाणीचा कर्मचारी निलंबनात सहज कोल्हापूरला मुलीकडे जाऊन राहतो आणि तेवढ्यावरून नवा आरोप ओढवून घेतो, म्हणून हे वाक्य दोनदा वाचावे.

उत्तर मराठीत तयार करून कन्नडमध्ये उतरवणार असाल, तर मराठी मसुद्यात ‘निलंबन’ आणि ‘बडतर्फ’ हेच शब्द ठेवा. ‘वजा’ आणि ‘अमानत’ लिहूच नका. ‘मला वजा केले’ असे निलंबित माणसाने लिहिले, तर झालेली नसलेली शिक्षा त्याने स्वतःच्या सहीने मान्य केल्यासारखे दिसते.