आधी काच, मग पॉलिमर

जळगाव

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पॉलिमर एलईडीच्या (वीज दिली की प्रकाश देणाऱ्या पॉलिमरच्या दिव्यांच्या) नमुन्यांवर काळे डाग पडतात आणि प्रकाश एका कोपऱ्यातच उमटतो, म्हणून तू आता पॉलिमरच बदलायला निघाली आहेस, असे दिसते. एमईएच-पीपीव्हीने, म्हणजे तुझ्या त्या प्रकाश देणाऱ्या पॉलिमरने, तुझे काही बिघडवलेले नाही. आधी काच पाहा.

काचेवरची तुझी पॉलिमरची फिल्म जेमतेम 100 नॅनोमीटर जाडीची, आणि मे महिन्यात आपल्याकडे खिडकीच्या फटीतून येणारा धुळीचा बारीक कणही सहज एक मायक्रॉनचा, म्हणजे फिल्मच्या दहापट असतो. स्पिन कोटिंग करताना, म्हणजे काच गरगर फिरवून पॉलिमर पसरवताना, द्रावण त्या कणाला वळसा घालते, मागे धूमकेतूच्या शेपटीसारखा ओरखडा उरतो आणि तेथे फिल्म तुटली तर वरचा धातू आयटीओला (काचेवरच्या पारदर्शक, वीजवाहक थराला) भिडून शॉर्ट होतो. वेग वाढवून हे जात नाही. वेग चौपट केलास तर जाडी साधारण निम्मी होईल, घाण तेथेच राहील. म्हणून आधी काच: साबणाचे पाणी, डिस्टिल्ड वॉटर, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येक वेळी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये, आणि शेवटी यूव्ही-ओझोन (अतिनील किरण आणि ओझोनने उरलेला मळ काढणे). मग पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो मण्यासारखा गोळा होऊन बसला तर काच मळकीच आहे. सपाट पसरला तरच पुढे जा.

आणि तो कूलर बंद कर! उकडते हे मला कळते, मी भुसावळच्या उन्हातच वाढलो आहे. पण आयटीओवरचा भाजलेला पेडॉट-पीएसएसचा (वीजवाहक पॉलिमरचा) थर त्या दमट वाऱ्यातली ओल लगेच ओढून घेतो, आणि तीच ओल पुढे वरच्या धातूतला कॅल्शियमचा कॅथोड (ऋण टोक) खात डाग वाढवते.

काच धुण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि बरोबरीचे लोक शोधनिबंधांची संख्या वाढवत पुढे निघून गेले, याची खंत आजही आहे. तरी त्यांचे नमुने आठवड्यानंतर पेटत होते का, हे विचारण्याचा माझा हट्ट सुटलेला नाही, आणि तो चुकीचा आहे असे मला वाटत नाही. 1990 साली केंब्रिजच्या गटाने पीपीव्हीतून (तुझ्या पॉलिमरच्या मूळ रूपातून) प्रकाश काढला, तोही आधी विरघळणाऱ्या पूर्वद्रव्याची एकसंध फिल्म घालून आणि मग ती तापवून. फिल्म साधली, म्हणून प्रकाश दिसला.

तेव्हा नव्या रसायनाची मागणी तूर्त थांबव. त्याच बाटलीतले द्रावण गाळून घे, निम्म्या काचा नेहमीप्रमाणे आणि निम्म्या मी सांगितल्याप्रमाणे धू, आणि दोन्हींवरचे डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजून मला आकडे कळव.

तुझा,
सर