ब्रह्मपुत्रा दिसली नाही, असे सांगणारे वडील

लांब पल्ल्याच्या गाड्या चालवणारे चालक आणि त्यांच्या घरची माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा सुरुवातीचे बोलणे बहुधा झोप, पाठदुखी, चिडचिड आणि घरातला अबोला यांविषयी असते. या सगळ्यामागे एक चिंता मात्र मला वारंवार सापडते आणि ती बोलून दाखवण्याची अनेकांना लाज वाटते. घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर, गाडीच्या केबिनमध्ये असताना आपल्याला बरे वाटते, नवा मुलूख पाहून मन हलके होते, आणि त्याच वेळी घरची माणसे कष्टात असतात. मग आपण वाईट माणसे आहोत का? या प्रश्नाचे उत्तर मला ज्या अशिलाबरोबर काम करताना सर्वांत स्पष्ट दिसले, त्यांची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा बदलून येथे लिहीत आहे.

ते निफाड तालुक्यातले, वय एक्केचाळीस. नाशिक जिल्ह्यातला कांदा बारा टायरच्या गाडीतून गुवाहाटीला पोचवायचा आणि परतीचे भाडे मिळेल तसे यायचे, हे काम ते अकरा वर्षे करत होते. धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर, मग बंगालमधून उत्तरेकडे सिलिगुडी आणि तेथून आसाम, असा अडीच हजारांहून अधिक किलोमीटरचा रस्ता. चालकांच्या नेत्रतपासणी शिबिरात डोके दुखते म्हणून ते आले होते. नंबर निघाला नाही, तेव्हा तेथील डॉक्टरांनी त्यांना माझ्या टेबलाकडे पाठवले.

अशा वेळी मी आधी काही गोष्टी तपासून घेते. झोप किती होते, व्यसन आहे का, आणि मुख्य म्हणजे कशातच मन न लागण्याची अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली आहे का. तशी अवस्था असेल, जगण्याचाच कंटाळा आला असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्याला वैद्यकीय उपचार लागतात. गाडीवरून सुटणे शक्य नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोठूनही लावता येतो आणि तेथे मराठीत बोलता येते. या गृहस्थांची गोष्ट वेगळी होती. त्यांचे मन लागत होते, आणि नेमके तेच त्यांना खुपत होते.

तिसऱ्या भेटीत त्यांनी ती घटना सांगितली. सातवीतली मुलगी संध्याकाळी नकाशाचे पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही गुवाहाटीला जाता, म्हणजे ब्रह्मपुत्रा बघितलीच असेल. सर म्हणाले, तिचा पलीकडचा काठ दिसत नाही. खरंय का?" पत्नी तेव्हा त्यांच्या आजारी आईला कुशीवर वळवत होती. सकाळपासून तिचे शेत, गुरे आणि सासूचे पथ्यपाणी चालूच होते. त्यांनी पत्नीच्या पाठीकडे पाहिले आणि मुलीला सांगितले, "रात्र होती गं. काही दिसलं नाही."

"मॅडम, मी ती नदी किती वेळा बघितली असेल त्याला हिशेब नाही," ते मला म्हणाले. "पोरीशी खोटं बोललो. कशासाठी बोललो, तेच मला सांगता येईना."

पुढच्या भेटीला येताना त्यांनी हिशेबाची वही आणली. लांब, लाल पुठ्ठ्याची, कोपरे डिझेलने काळवंडलेले. पुढच्या पानांवर डिझेल, टोल, पंक्चर, हमाली आणि क्लीनरला दिलेली उचल. वही उलटी केली, की मागच्या बाजूने दुसऱ्याच नोंदी सुरू होत होत्या. त्या तीन-चार शब्दांपलीकडे जात नव्हत्या. "सराईपाली. पहाट. मोहाचा वास." "फरक्का. धुकं. गंगा ऐकू येते." आणि एका डिसेंबरमधली नोंद, जी मी अजून विसरले नाही: "सिलिगुडी. पांढरा डोंगर. ढग नाही." स्वच्छ हवेच्या दिवसांत सिलिगुडीच्या परिसरातून कांचनजंगा दिसते, हे मला माहीत होते; पण आधी तो ढग वाटला आणि मग कळले की तो डोंगर आहे, हे त्यांनी इतक्या थोड्या शब्दांत मांडले होते. अकरा वर्षांत ही पाने घरात कोणीही पाहिली नव्हती. घरी आल्यावर वही ते केबिनमध्येच ठेवत असत.

घरी ते रस्त्याविषयी बोलत, ते फक्त त्रासाचे: चेकपोस्टवरचा खोळंबा, खराब जेवण, गाडी खाली होण्यासाठी दोन दिवस थांबणे. तोही त्रास खराच होता. पण चांगले ते सगळे झाकून ठेवायचे आणि वाईट ते तेवढे घरी न्यायचे, असा नियम त्यांनी नकळत लावून घेतला होता. पुढे पुढे तर त्यांनी रस्त्यावरही पाहणे सोडले. मोकळा वेळ मिळाला तरी ते केबिनचा पडदा ओढून पडून राहत. डोकेदुखी आणि चिडचिड याच काळात वाढली होती.

मी त्यांना त्यांच्याच पद्धतीने हिशेब मांडायला सांगितले. रस्त्याने घराकडून काय काय घेतले ते एका बाजूला. त्यांनी न अडखळता लिहिले: आईला दवाखान्यात दाखल केले तेव्हा मी कटकजवळ होतो, मुलीचे स्नेहसंमेलन, तीन दिवाळ्या, आणि बायकोला एकही सुट्टीचा दिवस नाही. मग मी विचारले, की नदीच्या काठी पंधरा मिनिटे उभे राहिल्याने यात किती भर पडली? ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "काहीच नाही."

या ठिकाणी मला फार जपून बोलावे लागते. "तुमचा काही दोष नाही, मजेत राहा" असे म्हणून मोकळे होणे सोपे असते, पण ते खरे नसते. त्यांच्या मनातल्या टोचणीचे दोन भाग होते. घरी नसण्याचे देणे खरे होते आणि ते फेडायलाच हवे होते. आनंद वाटण्याचा अपराध मात्र खोटा होता. पहिले देणे फेडणे अवघड, म्हणून ते दुसऱ्यावर स्वतःला शिक्षा करून घेत होते, एखाद्याने कर्जाच्या काळजीने उपवास धरावा तसे. त्या उपवासाने कर्जाचा एक रुपयाही कमी होत नव्हता; त्यांनी पडदा ओढून घेतला म्हणून पत्नीचे एकही काम हलके झाले नव्हते, आणि मुलीच्या वाट्याला तर चक्क खोटे उत्तर आले होते.

पत्नीला मी स्वतंत्र भेटले. त्यांना वाटत होते तशी ती रागावलेली होती, पण राग वेगळ्याच गोष्टीचा होता. "हे येतात आणि भिंतीकडे बघत बसतात. मला वाटतं, यांना आमच्यात करमतच नाही. तिकडं काही बघत असतील तर सांगू देत की. मी वणी आणि शिर्डीच्या पुढं कुठं गेले नाही, मॅडम. निदान ऐकेन तरी." थोडे थांबून ती म्हणाली, "पण ऐकायला आधी बसायला तर मिळालं पाहिजे." हे दुसरे वाक्य मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटले, आणि त्यांनी ते तिच्या तोंडून ऐकावे म्हणून पुढची भेट मी दोघांची एकत्र घेतली.

त्या भेटीत दोघांनी मिळून जे ठरवले, त्यात माझी भर फार थोडी होती. गाडी घरी आली, की पहिला दिवस त्यांच्या झोपेचा. दुसऱ्या दिवसापासून परत निघेपर्यंत आईचे सगळे ते करणार, अंघोळ घालण्यापासून दवाखान्यापर्यंत, आणि त्यातला एक दिवस पत्नी माहेरी किंवा तिला वाटेल तिकडे जाणार, कोणाला न विचारता. रस्त्यावर असताना रोज संध्याकाळी फोन, त्यात त्रासाचे जे असेल ते सांगायचे आणि पाहिलेली एक तरी गोष्टही सांगायची. ही शेवटची अट त्यांना सर्वांत जड गेली. पहिल्या फेरीत ते फोनवर फक्त "भंडाऱ्याच्या पुढे जंगल लागलं" एवढेच बोलले, असे पत्नीने नंतर हसून सांगितले.

एका बाबतीत मी मात्र आग्रही होते. ते कधी कधी गाडी चालवता चालवता मोबाइलवर फोटो काढत असत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर हटली तर कांद्याने भरलेली गाडी ३३ मीटर अंतर आंधळेपणाने कापते. म्हणून पाहणे गाडी थांबल्यावर, इंजिन बंद करून. तशीही थांबण्याची गरज असतेच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती, पण माल नासण्याच्या भीतीने आणि मालकाच्या फोनमुळे ती विश्रांती चालकाच्या वाट्याला क्वचितच येते. आम्ही त्यांच्या मार्गावर सहा-सात थांबे निवडले, जेथे टायर ठोकून पाहायचे, दोर आणि ताडपत्री तपासायची, चहा घ्यायचा आणि मग दहा मिनिटे नुसते उभे राहायचे. पहाटे दोन ते पाच ही डुलकीची वेळ शक्य तेव्हा झोपेत घालवायची, हेही ठरले. मालकाशी त्यासाठी त्यांना दोनदा वाद घालावा लागला, आणि प्रत्येक फेरीत ते जमते असे नाही.

डोकेदुखी दोन महिन्यांत बरीच कमी झाली. झोप सुधारल्याचा त्यात मोठा वाटा असावा. आईचे आजारपण तसेच आहे, आणि तिसऱ्या दिवाळीनंतरची चौथी दिवाळीही त्यांची रस्त्यावरच गेली. त्या वेळी पत्नी फोनवर रडली आणि त्यांनी विषय न बदलता ऐकून घेतले, हे त्यांनी मला आपण होऊन सांगितले.

शेवटच्या भेटीत वही पुन्हा माझ्या टेबलावर आली. मागच्या पानांवर आता दुसरे अक्षर होते, गोल आणि मोठे. वडील फोनवर सांगत आणि मुलगी आपल्या वहीत लिहून घेत असे. गाडी घरी आली, की ते लाल वहीत उतरवून काढी. ताज्या नोंदीत तिने लिहिले होते: "सरायघाट पूल. उत्तर काठ. सकाळी ७. होड्या ९. इथे दोन्ही बाजूंना टेकड्या आहेत आणि नदी अरुंद आहे, म्हणून पलीकडचा काठ दिसतो. सरांना सांगणे."