आधी गोदाम बघ, मग सही कर

प्रिय,

कंपनीचं मुख्यालय दीड हजार किलोमीटरवर, बहुतेक बैठका पडद्यावर, तरी तिचं स्वतंत्र संचालकपद, म्हणजे व्यवस्थापनाबाहेर राहून त्यावर लक्ष ठेवणारं मंडळावरचं पद, घ्यावं का, असं तू विचारलंस. शेवटी लिहिलंस, ‘मी कुठे राहते याने काय फरक पडतो? कागदपत्रं तर मेलवर येतातच.’ ते वाक्य वाचून झोप लागली नाही.

कागदपत्रं येतात, पण ती व्यवस्थापनाने निवडलेली. अजेंडा त्यांचा, आकडे त्यांचे. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांनीच दाखवलेलं तेवढं पाहून तू कसली देखरेख करणार? जागेवर जा.

मी अशाच एका लांबच्या कंपनीच्या ऑडिट कमिटीत, म्हणजे संचालकांच्या हिशेब तपासणाऱ्या समितीत होतो. शिल्लक माल दर तिमाहीला वाढत होता. विचारलं की उत्तर यायचं, ‘मोठी मागणी येतेय.’ मी ते निमूट टिपून घ्यायचो. सहाव्या वर्षी पहिल्यांदा गोदामात गेलो. तिथल्या कामगाराने न विचारता सांगितलं, मागची रांग तीन वर्षांत हललेली नाही. त्या मालाची पूर्ण किंमत आम्ही हिशेबात धरत होतो, आणि त्या हिशेबांवर माझ्या सह्या होत्या. सहा वर्षं! अजून खुपतं.

ज्यांचा पैसा अडकलेला असतो त्यांना अंतर बरोबर कळतं. जॉश लर्नर यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांचा अभ्यास मांडला. कंपनीपासून ५ मैलांच्या आत कचेरी असलेला व्हेंचर कॅपिटल गुंतवणूकदार (नव्या, जोखमीच्या कंपन्यांत पैसा घालणारा) तिच्या संचालक मंडळावर असण्याची शक्यता ५०० मैलांपलीकडच्यापेक्षा दुप्पट होती. मासुलिस, वांग आणि शिए या संशोधकांनी २०१२ मध्ये अमेरिकी कंपन्यांवरच्या परदेशस्थ स्वतंत्र संचालकांकडे पाहिलं. त्यांच्या मायदेशाच्या भागातली कंपनी विकत घ्यायची असेल तर त्यांचा उपयोग होत होता. पण ते बैठका जास्त चुकवत होते, आणि त्या कंपन्यांत हिशेब मुद्दाम चुकीचे दाखवण्याचे प्रकारही जास्त निघत होते. लांबच्या माणसाच्या हाती शेवटी शेअरचा भाव उरतो. कोण राजीनामा द्यायच्या बेतात आहे, कुठलं यंत्र महिनाभर बंद आहे, हे भावात उशिरा दिसतं. ते जिन्यात, कँटीनमध्ये कानावर येतं. म्हणून म्हणतो, जागेवर जा.

मग शेजारी राहणारेच संचालक बरे, असं समजू नकोस. आमच्यातले चौघे त्याच शहरातले होते. व्यवस्थापकीय संचालकाच्या पगारवाढीला विरोध मी एकट्याने केला, कारण संध्याकाळी मला त्याच्या घरी जेवायला जायचं नव्हतं. ‘लांब राहणाऱ्याला काय कळतं,’ असं तेव्हा मला ऐकवलं गेलं. पगाराचं मला नीट कळत होतं, आणि तो विरोध मी आजही करीन. कळत नव्हतं ते गोदामाचं.

तेव्हा होकार देण्याआधी लेखी अट घाल: वर्षातून दोनदा, बैठक नसताना, सोबत व्यवस्थापनाचा माणूस न घेता कारखाना आणि गोदाम पाहीन. भेटीच्या खर्चावरून कुरकुर झाली तर तिथेच नकार कळव. आणि कृपा करून पहिल्या विमानाने जाऊन शेवटच्या विमानाने परतू नकोस. एक रात्र राहा.

उत्तर शुक्रवारी द्यायचंय ना? त्याआधी एकदा जाऊन ये. मागच्या रांगेपर्यंत जा, आणि काय दिसलं ते मला कळव.

तुझा,
काका