भाजक, विभाजक आणि अवयव

‘१,४२,८५७ या संख्येला अवयव किती?’ हे वाक्य योग्य आहे का, की तेथे ‘विभाजक’ किंवा ‘भाजक’ म्हणावे, असा प्रश्न आहे. वाक्य व्याकरणाला धरून असले तरी मोघम आहे, कारण त्याला ४, ६ आणि ३२ अशी तीन उत्तरे येऊ शकतात आणि त्यांपैकी एकही चुकीचे ठरवता येत नाही.

‘भाजक’ आधी बाजूला काढू. भागाकारात जिने भागायचे ती संख्या भाजक, मग बाकी उरो वा न उरो. १,४२,८५७ ला १० ने भागले तर १० हा भाजक असतोच, पण बाकी ७ उरते, म्हणून तो विभाजक नव्हे. निःशेष भाग जातो तेव्हाच ‘विभाजक’ म्हणावे. ‘मसावि’मधला ‘वि’ याच शब्दाचा आहे. (‘लसावि’मधला मात्र ‘विभाज्य’चा, आणि मुलांचा घोटाळा बहुधा येथेच होतो.)

खरी अडचण ‘अवयव’ या शब्दाची आहे. अवयव पाडणे म्हणजे संख्या किंवा बहुपदी गुणाकाराच्या रूपात मांडणे. आपली संख्या ९९९ × १४३ अशी मांडता येते आणि पुढे ९९९ = ३ × ३ × ३ × ३७ व १४३ = ११ × १३ असे फोडता येते. त्यामुळे मूळ अवयव वेगवेगळे मोजले तर ३, ११, १३ आणि ३७ असे चार होतात, तर तीनची पुनरावृत्ती धरली तर सहा. विभाजक मोजताना ३ हा शून्यापासून तीनपर्यंत कितीही वेळा, म्हणजे चार प्रकारे घेता येतो आणि उरलेल्या तिघांपैकी प्रत्येक घेता किंवा सोडता येतो, म्हणून ४ × २ × २ × २ = ३२ विभाजक मिळतात; त्यांत १ आणि ती संख्या स्वतःही येते. या ३२ संख्यांनाही ‘अवयव’ म्हणण्याची पद्धत आहे, पण माझा कौल ‘विभाजक’ला आहे, आणि मूळ संख्या अभिप्रेत असतील तर ‘मूळ’ हे विशेषण गाळू नये.

हा भेद निव्वळ काथ्याकूट नाही. याच संख्येच्या अंकांची बेरीज २७ येते आणि १,४२,८५७ = २७ × ५,२९१. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला देवळालीचे शिक्षक-गणिती द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद संख्या’ म्हटले. ही बेरीज संख्येचा विभाजक असते, असे लिहिले की अर्थ नेमका लागतो; ‘अवयव’ लिहिले तर वाचक मूळ अवयवांत २७ शोधत बसेल.

ही संख्या ‘कापरेकर संख्या’ही आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ येतो, आणि त्याचे शेवटचे सहा अंक तोडून २०,४०८ व १,२२,४४९ यांची बेरीज केली की पुन्हा १,४२,८५७ मिळतात. या गुणधर्माच्या व्याख्येत भागाकारच नसल्यामुळे तेथे या तिन्ही शब्दांपैकी एकाचीही गरज पडत नाही.