पहिला बोर्ड मांडताना

प्रश्न : दादरला आमचे गृहसजावटीचे छोटे कार्यालय आहे. कामांच्या नोंदीसाठी ट्रेलो हे ॲप घेतले, पण ते उघडताच गोंधळ उडतो. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ट्रेलोची मांडणी बोर्ड, लिस्ट आणि कार्ड या तीन गोष्टींवर उभी आहे, हे ध्यानात घेतले की निम्मा गोंधळ ओसरतो. एका घरासाठी एक बोर्ड उघडावा, त्यावर ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ अशा लिस्ट डावीकडून उजवीकडे मांडाव्यात, आणि ‘स्वयंपाकघराच्या ओट्याचे माप घेणे’ इतके नेमके काम एकेका कार्डावर लिहावे. जबाबदार व्यक्ती आणि मुदत कार्डातच नोंदवता येते. काम सरकले की कार्ड पुढच्या लिस्टमध्ये ओढावे. रंगीत लेबले आणि स्वयंचलित नियम यांच्या नादी पहिला महिनाभर अजिबात लागू नये, असे मी आग्रहाने सांगेन.