ते मातीचं घर पाडू देऊ नका

तुम्ही लिहिलंय की मणक्याच्या टीबीमुळे कित्येक महिने उताणं पडून आहात, पुस्तक हातात धरवत नाही, मोबाइलने डोकं उठतं. खिडकीच्या चौकटीवर एक माशी मातीचं घर बांधतेय, तिच्याकडे बघण्यात वेळ बरा जातो. पण घरचे ते घर पाडायला निघालेत. पाडू देऊ नका. मीही याच दुखण्याने अशीच पडून होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काळी, पिवळ्या पायांची आणि कंबर दोऱ्यासारखी बारीक, म्हणजे ती कुंभारीण. घरच्यांना भीती वाटते ती गांधीलमाशीची, आणि ती रास्तच आहे. गांधीलमाशा झुंडीने राहतात, कागदासारखं पोळं करतात आणि त्यासाठी अंगावर येतात. कुंभारीण एकटी असते. चिमटीत धरल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही.

आता तिच्या आवाजाकडे लक्ष द्या. उडतानाची गुणगुण वेगळी, आणि मातीची ओली गोळी दाबून पसरताना येते ती बारीक, चढ्या सुराची थरथर वेगळी. मान वळवता येत नसली तरी डोळे मिटून कळतं की खेप आली. एका गोळीची एक अर्धगोल पट्टी होते, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. दोन जागची माती आणली तर पट्ट्यांचे रंगही निराळे दिसतात. माझ्या खिडकीत काही पट्ट्या लालसर होत्या, बाकीच्या राखाडी. लाल माती आमच्या तुळशीची होती! तेव्हापासून तुळशीला पाणी घातलं का, हे मीच घरच्यांना विचारायला लागले. तुम्हीही एखादी कुंडी ओली ठेवायला सांगा.

खोली झाली की ती कोळी आणून भरते. ते मेलेले नसतात, डंखाने लुळे केलेले असतात, म्हणून कुजत नाहीत. त्यातल्याच एकावर अंडं घालते, खोली गच्च भरली की तोंड लिंपते आणि शेजारी दुसरी खोली सुरू करते. पिल्लू आतल्या आत कोळी खाऊन वाढतं आणि माती कुरतडून बाहेर पडतं.

माझी आत्या भेटायला आली की म्हणायची, भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यातली शेवटची ही भिंगुरटी, म्हणजे आपली कुंभारीण. तिने कोंडलेली अळी तिच्याच ध्यासाने भिंगुरटी होते, असं तिथे म्हटलंय. आत कोंडलेलं भक्ष्य संपतं आणि पिल्लू तिचंच असतं, हे कळल्यावरही मला तो दृष्टांत आवडतच राहिला.

मला खरा आधार कशाचा वाटला, सांगते. खोलीत येणारा प्रत्येक जण आधी माझा चेहरा बघायचा, आज कसं वाटतंय विचारायचा. मायेनेच विचारायचे सगळे, पण प्रत्येक वेळी मी पेशंट व्हायचे. या माशीला माझ्या आजाराशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं काम चाललेलं असायचं आणि तेवढा वेळ मीही आजारी नसायचे.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. कधी झळझळीत निळ्या-हिरव्या रंगाची एक माशी घराभोवती घुटमळताना दिसेल. ती बंद खोलीला भोक पाडून आपलं अंडं घालते, आणि मग बाहेर पडते ती तिचीच संतती. माझ्याकडे एका खोलीतून असंच झालं. मला रडू आलं. अशा दुखण्यात रडू लवकर येतं, त्याची लाज बाळगू नका. मात्र रोजच येत असेल तर डॉक्टरांना सांगा, तोही उपचाराचाच भाग आहे. आणि बरं वाटायला लागलं तरी गोळ्या मधेच सोडू नका.

तुमच्या खिडकीतल्या किती खोल्या लिंपून झाल्यात, आणि कुठे भोक दिसतंय का? नक्की कळवा.