ईमेल आला, आली की आले?

कार्यालयीन सूचनांचे मराठी रूप तयार करताना ‘आपल्याला ईमेल पाठवला आहे’, ‘पाठवली आहे’ आणि ‘पाठवले आहे’ यांपैकी कोणते वाक्य शुद्ध, असे आपण विचारले आहे आणि तीन सहकाऱ्यांनी तीन वेगळी उत्तरे दिल्याचेही कळवले आहे. तिघांच्याही म्हणण्याला काही ना काही आधार आहे. तरीही लेखनासाठी मी पुल्लिंग सुचवेन, आणि त्याचे कारण शाळेतल्या नियमात नसून अनेकवचनात आहे.

शाळेतला नियम असा की, परभाषेतून आलेल्या शब्दाला त्याच अर्थाच्या मराठी शब्दाचे लिंग द्यावे. बूट म्हणजे जोडा म्हणून तो बूट, क्लास म्हणजे वर्ग म्हणून तो क्लास, पेन्सिल म्हणजे लेखणी म्हणून ती पेन्सिल. नियम सोयीचा खरा. पण ‘लेखणी’ या नावावर ज्याचा पहिला हक्क, त्या पेनला मात्र आपण ‘तो’ किंवा ‘ते’ म्हणतो. ईमेलच्या बाबतीत तर त्याचा मराठी जोडीदार कोणता हेच ठरलेले नाही. बोलणाऱ्याच्या मनात पत्र किंवा टपाल असेल तर ‘ते’, चिठ्ठी असेल तर ‘ती’, निरोप किंवा संदेश असेल तर ‘तो’. शिवाय ‘मेल’ हा शब्द संगणकाच्या कितीतरी आधी रेल्वेने आपल्या कानावर घातला होता, आणि पंजाब मेल नेहमी ‘आली’च, कारण ती गाडी. ‘ईमेल आली’ म्हणणाऱ्यांच्या कानात ती गाडी अजून धावत असावी, असा माझा तर्क आहे.

‘मी तुला मेल केले’ या वाक्यातल्या नपुंसकलिंगाकडे जरा वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. ‘मी तुला टॅग केले’, ‘त्याने तिला ब्लॉक केले’ या वाक्यांत ‘टॅग’ किंवा ‘ब्लॉक’ या नामांचे लिंग दिसत नाही. ज्याला टॅग केले त्याला ‘ला’ प्रत्यय लागल्यामुळे क्रियापद भावे प्रयोगात जाते आणि नपुंसकलिंगी राहते. त्याच धाटणीवर ‘मेल करणे’ हे एकसंध क्रियापद मानले की ‘मेल केले’ असे रूप तयार होते. त्यावरून मेल हे नाम नपुंसकलिंगी ठरवणे योग्य होणार नाही.

आता अनेकवचनाकडे वळू. मराठीत रुळलेली व्यंजनान्त उच्चाराची परकी नामे आपापल्या लिंगाप्रमाणे चालतात: ती फाइल, त्या फायली, ती लिंक, त्या लिंका, ते टेबल, ती टेबले, तो फोन, ते फोन. या साच्यांत मेल घालून पाहा. स्त्रीलिंगी मानला तर अनेकवचन ‘मेली’ किंवा ‘मेला’, आणि नपुंसकलिंगी मानला तर ‘मेले’! ‘सकाळपासून चाळीस मेली आल्या’ हे वाक्य कोणत्याही कार्यालयात गंभीर चेहऱ्याने म्हणता येणार नाही. ‘मरणे’ या धातूच्या भूतकाळाने या शब्दाच्या सगळ्या वाटा अडवल्या आहेत. फक्त पुल्लिंगाची वाट मोकळी आहे, कारण तिथे अनेकवचनात रूप बदलत नाही: एक मेल आला, चाळीस मेल आले. स्त्रीलिंगाचा आग्रह धरणाऱ्यांना ‘मेल्स आल्या’ असे इंग्रजी अनेकवचन उसने आणावे लागते.

सामान्यरूपातही हीच गोम आहे. ‘बुटात’, ‘टेबलावर’ आपण सहज म्हणतो, पण ‘मेलाला उत्तर द्या’ म्हणताना जीभ अडखळते, म्हणून सगळे ‘मेलला’, ‘मेलमध्ये’ असेच म्हणतात. अर्थात याचे सारे खापर मरणाच्या माथी फोडता येत नाही. नव्या शब्दांचे सामान्यरूप टाळण्याकडे एकूणच कल आहे. कॅमेरा जुना म्हणून ‘कॅमेऱ्यात’, पण डेटा त्याच्यासारखाच आकारान्त पुल्लिंगी असूनही ‘डेट्यात’ कोणी म्हणत नाही. विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. शब्द रुळण्याच्या दृष्टीने हा काळ फार नाही.

‘विपत्र’ हा घडवलेला शब्द वापरला तर लिंगाचा वाद मिटतो, कारण पत्र नपुंसकलिंगीच. मात्र त्यातला ‘वि’ हा विद्युत्‌चा संक्षेप आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही आणि विसंगत, विफल यांतला ‘वि’ आधी आठवतो. ग्राहकांसाठीच्या सूचनेत मी तो वापरणार नाही.

तेव्हा ‘आपल्याला ईमेल पाठवला आहे’ असे लिहावे. जिथे रकान्याचे केवळ नाव द्यायचे आहे तिथे ‘ईमेल पत्ता’ लिहिले की पुल्लिंग आपोआपच येते. आपण जाता जाता विचारलेल्या ‘अटॅचमेंट’बद्दल मात्र माझा पुल्लिंगाचा आग्रह नाही, तिथे ‘ईमेलला जोडलेली फाइल’ असे सरळ लिहावे.